शेवंताची पट्टी

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. अर्धं परवा पोरांसमोर तोंडातून निघालं — पण अर्धंच. उरलेलं घेऊन बसलो आहे. चौथी शिकलेला माणूस, लिहायची सवय नाही, म्हणून इकडंतिकडं होईल. तुम्ही मला ओळखत नाही, तेच बरं आहे.

माझी बायको शेवंता गेल्या उन्हाळ्यात गेली. तेव्हापासून मी शहराच्या टोकाला, बेसाला मुलाच्या घरी राहतो. वरच्या खोलीत माझी नात समी आणि तिचे तीन दोस्त गाणंबजावणं करतात. आधी मला रागच आला — घरात मयत होऊन वर्ष उलटलं नाही, अन् हे काय? पण एका दुपारी जिना चढून गेलो, दाराशी स्टूल ओढून बसलो, आणि उठलोच नाही.

काय सांगू तुम्हाला! गिटारवाला रॉबिन. त्याची आई चर्चमध्ये गाते, तिच्या बाजूला उभा राहून हा शिकला. अजूनही वाजवताना पाय जुळवून उभा राहतो, प्रार्थनेलाच उभा असल्यासारखा. तन्वी व्हायोलिनवाली. ती खाली मांडी घालून बसते, वाद्याचं टोक पायावर टेकवते. तिच्या गुरुजींनी म्हणे सुरुवातीला कित्येक महिने एकच सूर घासायला लावला. मी विचारलं, "कंटाळा नाही आला वं पोरी?" तर म्हणते, "आबाजी, तो सूर अजून कुठं आलाय!" आणि फैजान. त्याचे वडील लग्नाच्या बँडात मोठा ढोल वाजवतात, वरातीत त्यांच्या मागं चालून चालून हा शिकला. आता एका लाकडी खोक्यावर बसतो आणि तोच खोका दोन्ही हातांनी वाजवतो. लकडगंजला आरा मशीनवर माझं आयुष्य गेलं. लाकडाला ओरडताना रोज ऐकलं, पण असं कुजबुजताना कधी नाही. सगळा रस्ता हलवणाऱ्या बापाचा पोरगा, आणि इतकं हळू?

समी गाते. ती कुठं शिकायला गेली नाही. आजीजवळ बसून, भाजी निवडता निवडता शिकली.

याला फोक-रॉक म्हणतात, असं समी सांगते. मी म्हटलं, "चर्चवाला, क्लासवाली, वरातवाला अन् भाजीवाली — हे तर खिचडी झाली गा."

फैजान बोलला, "खिचडीच तो है, आबाजी. तुम्ही पापड घेऊन बसा."

पण माझं ध्यान दुसरीकडंच असायचं. गाणं सुरू करण्याआधी रॉबिन समीला विचारतो, "पट्टी काय?" पट्टी म्हणजे गाणाऱ्याचा गळा ज्या उंचीवर मोकळा चालतो, ती. समी गुणगुणते. मग रॉबिन गिटारच्या मानेवर एक चिमटा लावतो, त्यानं सूर चढतो. तन्वी खुंट्या पिळते. आणि फैजान नुसता समीकडं बघत राहतो. ती श्वास घेत नाही तोवर त्याचा हात हवेत. तीन शिकलेली पोरं, पण एका गळ्यासाठी सगळी थांबतात! त्या थांबलेल्या हाताकडं पाहून माझ्या अंगावर काटा यायचा. काहून? कारण मीही ढोलकी वाजवत होतो. आणि माझा हात —

थांबा. आधी शेवंताचं सांगतो.

शेवंता खापा गावची, विणकराच्या घरची. तिची आई हातमागावर बसून मागाच्या खटक्यावर गाणी जोडायची. ती सगळी शेवंताच्या गळ्यात उतरली होती. आमच्या मोहल्ल्याच्या भजनी मंडळात ती गायची, ढोलकी माझी. मंडळाजवळ पेटी नव्हती. होती तिचा भाता फाटला, तो कोणी शिवला नाही. म्हणून बाया ढोलकीवरूनच सूर घेत. दोरीतल्या लोखंडी कड्या सरकवून मी ढोलकी शेवंताच्या पट्टीत लावायचो आणि एक थाप द्यायचो. ती डोळे मिटून त्या थापेवर सूर ठेवायची. तपासायची नाही. कशाला तपासेल? नवऱ्याच्या हातची थाप होती ना.

तिचं नाव ऐकून एक रेडिओवाले साहेब आमच्या दारी आले. म्हणाले, पुढच्या रविवारी मंडळात येऊन ऐकतो, मग रेकॉर्डिंगला बोलावतो. मला आनंद झाला. खरंच झाला. मग जाता जाता ते तिला म्हणाले, "ढोलकीवाला आमचा असतो, बाई. तुम्ही एकट्याच या." साधी गोष्ट. बोलताना त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी आरा मशीनवर बोंब झाली. "काय गा, शेवंताबाईचे मिस्टर! बाई चालली रेडिओत, तू आता चुलीपाशी बसून ढोलकी कुटजो!" सगळे हसले. मीही हसलो. पण आत काहीतरी लागलं — आणि ते मी काढून टाकलं नाही. आठवडाभर पोसलं.

रविवारी साहेब खुर्चीवर बसले. सगळा मोहल्ला जमला होता. शेवंता हिरव्या लुगड्यात. आणि मी थाप देण्याआधी कड्या वर सरकवल्या. रोजच्यापेक्षा वर. ढोलकी चढली. शेवंता डोळे मिटून तिच्यामागं चढली. पहिली ओळ कशीबशी निभावली. दुसरी ओळ उंच जाते — 'कन्हानचं पाणी वं सई, माह्या मागाखालून जाय' — तिथं तिचा गळा फाटला. ती खोकली. पाणी प्यायली. माझ्याकडं बघून म्हणाली, "आजून एकडाव द्या."

मी पुन्हा तीच थाप दिली.

पहिल्या वेळी राग होता, असं म्हणू. दुसऱ्या वेळी काय होतं? कड्या खाली करायला किती वेळ लागतो?

"बाईंचा आवाज बसलेला दिसतो," म्हणत साहेबांनी चहा घेतला आणि गेले. शेवंता पुन्हा मंडळात गायली नाही. घरात गायची, ती अगदी खालच्या सुरात. मी ढोलकी माळ्यावर टाकली. लोक म्हणायचे, बायकोच्या दुःखानं ढोलकी सोडली, नवरा असावा तर असा. मी ऐकून घ्यायचो.

आता परवाचं. समीनं तेच गाणं काढलं. फार खाली. रॉबिन म्हणाला, "अगं, हे गाणं वरची पट्टी मागतंय. चढवू का थोडं?"

"नको रे. दुसऱ्या ओळीत फाटेल," समी म्हणाली. "आमच्या घरात तो गळाच नाही. आजीचा तिथंच फाटला होता. तिनंच सांगितलं मला, त्या ओळीत जपून जाय म्हणून."

मी चौकट धरून उभा राहिलो. माझं खोटं शेवंतासोबत गेलं नव्हतं. ते या पोरीच्या गळ्यात येऊन बसलं होतं.

"तुह्या आजीचा गळा चांगला होता," मी म्हटलं. "म्या फाडला. ढोलकी चढवून ठेवली होती म्या."

फैजाननं माझ्या हातांकडं पाहिलं. वाजवणारा तो, त्याला आधी समजलं.

"काहून, आबाजी?" समी म्हणाली.

"तिले नेऊन राहिले होते. मले नाही."

तिनं खिडकीकडं तोंड केलं. मग माझ्याकडं न पाहताच रॉबिनला म्हणाली, "चढव."

"कुठवर?"

आता सगळे माझ्याकडं बघायला लागले. रॉबिन चिमटा एकेक घर पुढं सरकवत गेला, तार छेडत गेला. आजून, मी म्हटलं. आजून एक घर. बस — हे. हेच. त्या एका तारेत शेवंता येऊन बसली.

समीनं श्वास घेतला. फैजानचा हात हवेत थांबला. दुसरी ओळ आली आणि ती पोरगी वर गेली — सरळ, घारीसारखी, पंखही न हलवता. तन्वी गज चालवायचं विसरली. मी खाली बसलो. एवढं मोठं होतं ते? एवढं मोठं मी लोकांच्या कानापर्यंत जाऊ दिलं नव्हतं?

गाणं संपल्यावर समीनं विचारलं, "आजीले माहीत होतं?"

"नाही," मी म्हटलं. ते खरंच होतं. त्यापुढचं गिळलं. ते हे.

शेवटी शेवंता खाटेवरच होती. एका दुपारी मी तिला पेज भरवत होतो. तिनं वाटी सारली. म्हणाली, "एक बोलू? रेडिओवाल्यासमोर माह्या गळ्यानं तुमची मान खाली घातली. तुमची ढोलकीबी माह्यापायीच सुटली. मले माफ करजा." आणि तिनं हात जोडले. मला.

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. तोंड उघडायचं, एवढंच होतं.

मी म्हटलं, "जाऊ दे वं. केलं माफ."

तिला बरं वाटलं. राहिलेली पेज तिनं सगळी घेतली.