डोंगराची चूक

“ही बाई कोण?” माझ्या प्रबंधाच्या पानावर पेन्सिल टोचत सरांनी विचारलं.

“माझी आई.”

“मग पीएचडी आईलाच देऊ या का?”

मुलुंडला सरांच्या घरी आम्ही पाच विद्यार्थी सतरंजीवर बसलो होतो. सगळे हसले. मीही हसले. बाकीच्यांचं हसणं कधीच विसरले. माझं अजून कानातून जात नाही.

गेल्या वर्षीची, त्र्याऐंशी सालची गोष्ट. घाटकोपरच्या डोंगरावरच्या आमच्या वस्तीत कॉलेज पुरं केलेली पहिली मुलगी मी. प्रबंधाचा विषय वस्त्यांचं पाणी. माझे मार्गदर्शक असलेल्या सरांची शिस्त पक्की. परिच्छेदाच्या पहिल्या वाक्यात विधान, खाली त्याचे आधार. मी तसंच लिहिलं होतं. विधान आईचं: ‘पाणी डोंगरावर चढत न्हाई असं न्हाई, चढवत न्हाईत.’ आधारही तिचाच. आमच्या झोपडीच्याही वर, माथ्याला एक बंगला. आई तिथं भांडी घासायची. नळाला दिवसभर पाणी. काम उरकून ती पार पायथ्याला उतरायची, वस्तीच्या नळावर रांग लावायची, अन् भरला हंडा डोक्यावर घेऊन पुन्हा चढायची.

सरांनी तिचं वाक्य खोडलं. त्या जागी आपलं लिहिलं: ‘डोंगराळ भूरचनेमुळे पाणीपुरवठ्यावर मर्यादा येतात.’ आईचा हंडा खाली ठेवला, त्या विधानाला आधार म्हणून. बंगला काढूनच टाकला.

“विधान अभ्यासकानं करायचं,” ते म्हणाले. “ही माणसं उदाहरणात येतात. नीट समजून घे.”

मी समजून घेतलं. घरी येऊन सगळं स्वच्छ अक्षरात उतरवलं, टायपिंगला दिलं. हात माझेच होते.

टाइप झालेलं पान आई म्हणाली वाचून दाखव. तिला अक्षर येत नव्हतं. स्टोव्हपुढं बसून तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

“म्हंजी डोंगराचीच चूक म्हनायची.”

एवढंच. राग नाही, रडणं नाही. हंडा उचलला, पाण्याला गेली.

त्याच वर्षी हिवाळ्यात ती वारली. तेव्हापासून कुठल्याही परिच्छेदाचं पहिलं वाक्य लिहायला घेतलं की ती मागे येऊन उभी राहते. पदर ओला. हंड्याचं पाणी मानेवरून ओघळतंय. वाट बघते.

चार महिने एक ओळ लिहिली नाही. मग एका सकाळी आमच्या झोपड्यांच्या मागून वर जाणाऱ्या पाइपच्या कडेनं चालत निघाले. पाइप थेट बंगल्याच्या आवारात शिरला होता. वाटेत वस्तीसाठी एक तोटी नाही. बागेत रबरी नळी सुरू होती.

खाली आले अन् परिच्छेद पुन्हा मांडला. पहिलं वाक्य आईचं, तिच्याच बोलीत. त्याखाली पाइप, बंगला, बागेतली नळी, हंडा. सरांचं वाक्यही टाकून दिलं नाही. सगळ्यात खाली घेतलं, उदाहरण म्हणून: अभ्यासक असं म्हणतात.

सरांनी वाचलं. पेन्सिल खाली ठेवली.

“हे असंच ठेवलंस तर माझी सही मिळायची नाही.”

“कळलं, सर.”

पानं गोळा केली, चपला घातल्या, निघाले. सही अजून झालेली नाही. दुसरा मार्गदर्शक शोधते आहे. नाही मिळाला तर पदवी नको. आई अजून मागे उभी राहते. मी हसले होते, ते तिला कधी सांगितलं नाही. आता सांगता येणार नाही.

पहिलं वाक्य हलणार नाही.