वहिनीचा संशय आणि माझा

बी.एस्सी. होऊन मी गावी, रिठदला परत आलो, तेव्हा आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी एकटाच होतो आणि हे कुणाला विसरूही देत नव्हतो. ही गोष्ट पंचाहत्तर सालाच्या आसपासची. मास्तरकीचा अर्ज करून घरी बसलो होतो. त्या रिकाम्या दिवसांत शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एका बिळाच्या तोंडाशी तळहाताएवढा केसाळ कोळी सापडला. पुस्तकात याला टॅरंटुला म्हणतात. लोणच्याच्या काचेच्या बरणीत माती भरली, झाकणाला दाभणानं भोकं पाडली आणि त्याला ओसरीच्या कोनाड्यात ठेवला.

लोक बघायला यायचे ते उंबऱ्याबाहेरूनच. एक म्हणाला, हा चावला तर माणूस पाणीही मागत नाही. मी म्हटलं, दुखेल, सुजेल, पण सहसा मरत नाही. कुणाला पटलं नाही. शेजारच्या काकांनी विचारलं, "तुले ओळखते का रे हा?"

"कोणालेच ओळखत नाही. कुत्रं थोडीच हाय?"

"मंग पाळला कायले?"

मी झाकण उघडून बरणीत एक टोळ टाकला.

सगळ्यात जास्त संशय वहिनीला. पुतणीच्या मानेवर फोड उठले, तसं तिनं बरणीकडे बोट दाखवलं. "कोळी मुतला."

"वहिनी, झाकण बंद हाय. अन् कोळी मुतल्यानं फोड येत नाहीत. बुकात पाहा."

"तुमच्या बुकातला मुतत नसन, भाऊजी. हा धुऱ्यावरचा हाय."

पुढं कोळ्यानं खाणं सोडलं. टाकलेला टोळ त्याच्या अंगावरून फिरायचा, हा ढिम्म. त्याच आठवड्यात वहिनीनं बाजांना ढेकणाचं औषध मारलं होतं. मी बरणी हुंगून पाहू लागलो. एका सकाळी पाहतो तर कोळी उताणा, पाय वर.

मी तडक चुलीपाशी गेलो. भाऊ जेवत होता. त्याच्यासमोरच विचारलं, "काय टाकलं बरणीत?"

वहिनीचा भाकरीवरचा हात थांबला. "मी त्याच्या वाट्याले गेली नाही."

"मंग असाच मेला का?"

भावानं ताटातून मान वर केली नाही. याच बाईनं कॉलेजची चारही वर्षं एसटीवाल्याच्या हाती माझा डबा पाठवला होता. हे मला तेव्हा आठवलं नाही.

बरणी उचलून उकिरड्याकडे निघालो. ती पिठाच्या हातांनीच मागं आली आणि बरणी माझ्या हातातून काढून घेतली.

"थांबा. पाय हालून राह्यला."

आम्ही दोघं वाकून पाहत राहिलो. बऱ्याच वेळानं पाठीचं कवच टोपणासारखं उघडलं.

"कात टाकून राह्यला," ती म्हणाली. "माह्या चुलीमागं झुरळं टाकतेत तशी."

कोळी कात टाकतो हे मी परीक्षेत लिहिलं होतं. मार्कही मिळाले होते. उताणा पडून टाकतो, हे कुणी शिकवलं नव्हतं. दुपारी बरणीत दोन कोळी दिसत होते, एक ओला, मऊ आणि एक पोकळ.

जेवताना म्हटलं, "वहिनी, चुकलं माझं."

तिनं भाकरी वाढली. "मले औषध टाकायचं असतं तर सांगून टाकलं असतं."

मग ओसरीवर जाऊन तिनं कोळ्याला वाटीतून पाणी ठेवलं, झाकण लावलं आणि वर वरवंटा ठेवला.

"अजून भेव वाटते का त्याचं?" मी विचारलं.

"त्याच्यावर इश्वास बसला आता," ती म्हणाली. "तुमच्यावर बसाचा हाय."