ग्रीनलँडला गेलेली घोंगडी

ज्याचा मी उभा जन्म हेवा केला, तो माणूस काल गेला.

उत्तम. पूर्णेच्या लोको शेडमधला माझा जोडीदार.

खोटं रडणार नाही. सकाळी फोन आला तेव्हा पहिला विचार काय आला सांगू? आता पेपरात ह्याचाच फोटो येणार.

पंचाहत्तरी उलटली तरी मी असाच आहे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही दोघं शेडमध्ये खलाशी, म्हणजे फिटरच्या हाताखालचे मदतनीस. दिवसभर इंजिनाची धग आणि डोक्यात बर्फ. रजा काढून हिमालयात गिर्यारोहणाचा एक कोर्स करून आलो होतो. तिथं भेटलेले पुण्याचे काही जण ग्रीनलँडचे सुळके चढायला निघाले होते. त्यांच्याकडे एक जागा रिकामी होती.

एकच. आणि आम्ही दोघं.

उत्तमच्या वडिलांची सगळी नोकरी स्टेशनवरच झालेली. ग्रीनलँडचं ऐकून त्यांनी शांतपणे विचारलं, "गाडी कुठं बदलायची? मनमाडला?"

मग ट्रेनिंग सुरू.

पाठीवर कोळशाचं पोतं घेऊन यार्डातल्या पाण्याच्या टाकीवर चढायचं, उतरायचं, परत चढायचं. परभणीहून पॅसेंजरने बर्फाची लादी आणायची, गोणपाटात आणि भुशात गुंडाळून. भर मे महिन्यात तिच्यावर अनवाणी उभं राहायचं. कोण जास्त वेळ टिकतो ते बघायला अख्खं शेड जमायचं. निम्मी लादी त्यांच्या सरबतात जायची.

दरवेळी मीच जिंकायचो. हे लिहून ठेवतो, कारण आता सांगणारा दुसरा कोणी उरला नाही.

पुण्याच्या त्या मंडळींचा लीडर स्वतः पूर्णेला आला. दोघांना दोरी घेऊन टाकीवर चढायला लावलं. मी आधी पोचलो. उत्तम बराच मागून आला. माझी दोरी खाली पडली होती, ती गुंडाळत बसला होता.

लीडर उत्तमकडं बोट दाखवून म्हणाला, "ह्यांना घेतो."

दोरी गुंडाळली म्हणून! आजही आठवलं की डोकं फिरतं.

पण खरी आग लागली ती घरी.

आमचं मेंढरांचं घर. माझ्या मायनं माझ्या लग्नासाठी काळ्या मेंढीची लोकर जपून ठेवली होती. ती काढली, कातली, सनगराकडून घोंगडी विणून घेतली. आणि दिली कुणाला? उत्तमला.

मी म्हणालो, "माय, ती माझी व्हती की."

"ते लेकरू बर्फात जायलाय. तुला हितं कशाला लागती?"

मी तसाच उठून शेडला आलो.

नव्या घोंगडीला चिंचोक्याची खळ असते. पावसाला ती चांगली. पण कडक थंडीत दवानं ओली झाली की घोंगडी पत्र्यासारखी ताठ होते आणि अंगातली ऊब ओढून घेते. म्हणून आमच्याकडं थंडीच्या आधी खळ धुऊन काढतात. हे मेंढरामागं फिरलेल्या कुणालाही ठाऊक असतं.

उत्तमला ठाऊक नव्हतं. तो घोंगडीचे पट्टे कापून पायाला गुंडाळणार होता, बुटाच्या आत. त्यानं मलाच विचारलं.

"बापू, ही धुवायची का अशीच वापरायची?"

मी म्हणालो, "अशीच वापर. धुतली की ऊब जाती."

बस. एवढंच बोललो.

तो निघाला त्या दिवशी स्टेशनवर हार, बँड, भाषणं. मीही हार घातला. गाडी हलेपर्यंत सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

अडीच महिन्यांनी परत आला. सुळका सर झाला होता. डाव्या पायाची दोन बोटं गेली होती.

मला वाटलं, माझ्यामुळं.

आणि खरं सांगू? त्या गेलेल्या बोटांचाही मी हेवा केला. शाळाशाळांतून बोलावणी. पोरं त्याचा पाय बघायला रांग लावायची. माझी दहाच्या दहा बोटं शाबूत, पण बघतंय कोण!

त्यानंतर आम्ही शेकडो वेळा सोबत चहा प्यायलो. घोंगडीचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही.

काल त्याच्या घरी गेलो. सगळं आटोपल्यावर वहिनींनी ट्रंक उघडली. उरलेली अर्धी घोंगडी माझ्या मांडीवर ठेवली.

मऊ होती.

खळीचा कणही नाही. मी परत परत चोळून बघितली.

"वहिनी, ही कुणी धुतली?"

"तुमच्या मायनंच की, भाऊजी. जायच्या आधी हे घोंगडी घिऊन पाया पडायला गेले व्हते ना तुमच्या गावाला, तुम्ही ड्यूटीवर व्हता. माय म्हणल्या, धुतली न्हाई व्हय? हे म्हणले, बापू म्हणला अशीच वापर. मग मायनं सवता नदीवर नेऊन धुतली."

"आणि बोटं?"

"ते तर बूट फाटलं, पाणी शिरलं म्हणून. ह्या पट्ट्यांनी बाकीचा पाय वाचला, असं लय डाव सांगायचे."

मी उठायला लागलो तर म्हणाल्या, "माय ह्यांना म्हणल्या व्हत्या, बापू इसरला आसंल. त्याला काई बोलू नको, जिवाला लावून घेईल. म्हणून ह्यांनी कधी विषय काढला न्हाई."

माझी माय नंतर वीस वर्षं जगली. रोज तिच्या हातची भाकरी खाल्ली. एका शब्दानं तिनं मला विचारलं नाही.

आणि बघा माझा स्वभाव. तिथं बसल्या बसल्या ह्याचाही हेवा वाटला, की तिनं मनातलं त्याला सांगितलं, मला नाही.

वहिनी घोंगडी देत होत्या. मी घेतली नाही. ती आधीपासून त्याचीच होती.

उत्तम, मी विसरलो नव्हतो.

मला माहीत होतं.

जय भीम, दोस्ता. आता सावकाश जा. तुझी दोरी मी गुंडाळतो.