पॉपीच्या फुलांमध्ये घेतलेलं नाव

आधीच सांगते, भुताखेतांचं मला काडीचंही कौतुक नाही. माझे वडील शाळेत विज्ञान शिकवायचे. आमच्याकडे मांजर आडवं गेलं तर मांजराला आधी जाऊ द्यायचे, एवढंच. मी ओसाकात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते — म्हणजे "माझ्याकडे तर नीट चालतंय" असं म्हणणाऱ्यांवर विश्वास न ठेवण्याचाच मला पगार मिळतो. तेव्हा "मनाचे खेळ", "थकवा असेल" वगैरे खाली कमेंटमध्ये लिहायचं असेल तर खुशाल लिहा. ते सगळं मी स्वतःला आधीच म्हणून बसलेय.

गोष्ट मागच्या नोव्हेंबरमधली. माझ्या सासूबाई साताऱ्याकडच्या. तेव्हा त्या आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्यांना क्रोशाचं भारी वेड, म्हणून मी त्यांना ऑफिसातल्या मैत्रिणीने पाठवलेला एक फोटो दाखवला. इथल्याच, जपानमधल्या डोंगरातल्या एका खेड्यातलं लाकडी चर्च, आणि त्यावर लोकरीने विणलेली लाल पॉपीची फुलं. कठड्यावर, खिडक्यांत, आत छतापासून जमिनीपर्यंत सोडलेल्या जाळीवर… नुसता लाल रंग. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी तिथल्या खाणीवर युद्धकैद्यांना राबवलं होतं, त्यातले बरेच थंडीने, उपासमारीने गेले. पॉपी म्हणजे इंग्रजांकडे युद्धात मेलेल्यांच्या आठवणीचं फूल, म्हणून गावातल्या बायका त्यांच्यासाठी दरवर्षी ही फुलं विणतात.

"कैदी कुठले गं?" सासूबाईंनी विचारलं.

"इंग्रज, डच… काही आपलेही होते म्हणे."

त्यांनी फोन खाली ठेवला. "मला तिथं जायचंय."

कारण मला माहीत होतं. त्यांचे काका, गणपतराव, लग्नानंतर थोड्याच दिवसांत पलटणीबरोबर गेले आणि सिंगापूरला पकडले गेले. परत आलेल्या एकाने सांगितलं की त्यांना जपानला जाणाऱ्या बोटीत चढवताना पाहिलं. पुढे ना तार, ना निरोप. सासूबाईंना लहानपणापासून वाढवलं ते यमुनाकाकूने, या गणपतरावांच्या बायकोने. मेल्याची खबर नाही म्हणून तिने शेवटपर्यंत कुंकू लावलं. आणि गाव काय म्हणायचं? "जपानी बाई केली असंल, मजेत असंल तिकडं." टाकलेली म्हणायचे तिला. काकू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी सासूबाईंचे चुलतभाऊ दामूमामा अजून लग्नकार्यात हा विनोद करतात.

"जाऊ या आई, श्रद्धांजली वाहू," मी म्हटलं.

"श्रद्धांजली कसली डोंबलाची! जाब विचारायला चाललेय मी. इथं मेले की इथं नांदले, एवढं सांगू देत मला."

ट्रेन, मग दोन डब्यांची छोटी गाडी, मग बस, असं करत आम्ही दुपारी पोचलो. चर्चमध्ये देखरेख करणाऱ्या होरी-सान एकट्याच होत्या. सत्तरीच्या, एप्रन लावलेल्या, अगदी मऊ बोलणाऱ्या. त्यांनी तिथली पद्धत सांगितली — फूल जाळीला बांधायचं आणि ज्याच्यासाठी आणलंय त्याचं नाव एकदा मोठ्याने घ्यायचं.

सासूबाईंनी पिशवीतून स्वतः विणलेलं फूल काढलं. लाल, सुरेख. पण बाकी सगळ्या फुलांच्या मधोमध काळी लोकर, आणि यांच्या फुलात हळदीसारखी पिवळीधमक! मी काही म्हणायच्या आत बाईंनी पर्समधली हळदीकुंकवाची डबी उघडली आणि फुलाला हळदकुंकू वाहिलंसुद्धा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अहो आई, ही मेलेल्यांची फुलं आहेत!"

"मेलेत हे ठरलंय का अजून? काळं मी लावणार नाही. काकूनं लावलं नाही, मी कोण लावणारी?"

आमच्याकडे असंच करतात, असं काहीतरी मी होरी-सानना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि चहा करायला मागच्या खोलीत गेल्या.

सासूबाईंनी फूल बांधलं. कमरेवर हात ठेवून जाळीसमोर उभ्या राहिल्या. म्हटलं, आता नाव घेतील. तर म्हणाल्या, "काकू संक्रांतीला घ्यायची, तस्संच घेते," आणि चक्क उखाणा घेतला —

"डोंगराच्या कडेला जोंधळा आला भरून, गणपतरावांचं नाव घेते हाती दिवा धरून."

"ऐकलंत?" त्यांचा आवाज चढला. "जन्मभर घेतलं तिनं. लोकांचं ऐकत घेतलं. आता तुम्ही बोला!"

मी खरं सांगते, तेव्हा माझ्या डोक्यात परतीची बस होती. तेवढ्यात जाळीच्या मागून कुणीतरी घसा खाकरला. पुरुषाचा आवाज, तरुण, अगदी जवळून. चार बायकांनी घेरलेला नवरदेव कसा अवघडून बोलतो, तसा —

"यमुना… घेतलं. बास का आता?"

आपल्याकडच्या मराठीत. जपानमधल्या त्या डोंगरात!

मी जाळी बाजूला केली. मागे लाकडी भिंत, दुसरं काही नाही. स्पीकर नाही, दोघींचे फोन बंद. दार उघडलं की करकरतं, ते वाजलं नव्हतं. तरी बाहेर धावले, चर्चला फेरी मारली. चिटपाखरू नव्हतं. आत आले तर सासूबाई बाकावर बसून लहान मुलीसारख्या हमसून रडत होत्या.

"लग्नात नाव घ्यायला सांगितलं तर लाजून मांडवातनं पळाले होते गं ते," त्या म्हणाल्या. "काकू हसत सांगायची. राहिलंच म्हणायची, माझं नाव घ्यायचं."

होरी-सान ट्रे घेऊन आल्या. एक कप जास्त होता. इकडेतिकडे बघत मला म्हणाल्या, "ते गृहस्थ बाहेर गेले का? बोलवा ना आत, थंडी आहे."

"कोण गृहस्थ?" मी विचारलं.

"आत्ता बोलले ना, तरुण आवाजाचे? यामुना, असं काहीतरी म्हणाले."

होरी-सानना मराठीचा म देखील माहीत नाही. आणि यमुना हे नाव आम्हा दोघींपैकी कुणीच त्यांच्यासमोर उच्चारलं नव्हतं.

नवरा म्हणतो, लाकडी इमारतीत आवाज घुमतो. अरे, घुमायला आधी कुणी बोलावं लागतं! सासूबाईंनी घेतलं ते गणपतरावांचं नाव. यमुना कुठून घुमलं? बरं, आम्हा दोघींना भास झाला म्हणू या. मग होरी-साननाही तोच भास, तोही मराठीत? मी त्यांना नंतर दोनदा फोन केला. दोन्ही वेळा त्यांनी तेच सांगितलं, आणि वर विचारलं की त्या गृहस्थांना थंडी बाधली नाही ना.

म्हणजे स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. एरवी असला बग मी "पुन्हा घडवता आला नाही" असं लिहून बंद करते. हा बंद करता येत नाही.

त्या दिवशी बस यायच्या आधी सासूबाईंनी थांब्यावरूनच दामूमामांना फोन लावला होता. डोळे पुसले, पदर खोचला.

"दामू, आजपासून काकूला टाकलेली म्हणायचं नाही. तू नाही, तुझ्या पोरांनी नाही."

"अगं अक्का, पण झालं काय? पुरावा काय मिळाला?"

"तिचं नाव घेतलं त्यांनी," सासूबाई म्हणाल्या. "मी ऐकलं, माझ्या सुनेनं ऐकलं. आता पुरावा तू आण."

आणि फोन ठेवून दिला.