हमीदाबींचा ठराव

बांगडी चढवण्यासाठी एखादीचा हात हातात घेतला, की हमीदाबी आधी तो नुसताच धरून बसायच्या. बोटं जवळ आणून, मनगट दाबून पाहायच्या. मग म्हणायच्या, "सातवा लागला ना पोरी? सूज जास्त हाये. मीठ कमी कर, अन् पानी भराले दुसरीले धाड." बाई लाजायची, पण ऐकायची. नवरा वारल्यापासून हमीदाबी बांगड्यांचं टोपलं डोक्यावर घेऊन यवतमाळ जिल्ह्यातली पंचवीस-तीस खेडी पायी फिरत होत्या, घाटंजीचा बाजार करत होत्या. हात त्यांच्या हातात असेपर्यंत बाया बोलत राहत. त्यामुळे कुठल्या शाळेत मास्तर येत नाही, कुठल्या रस्त्याचा मुरूम एका पावसाळ्यातच वाहून गेला, हे आमच्या कचेरीच्या आधी त्यांना कळे.

मी त्या कचेरीत कारकून होतो. कुठल्या पंचायत समितीची कचेरी, ते सांगत नाही. माणसं गेली, पण त्यांची मुलंबाळं आहेत. साल बासष्ट. पंचायत समित्या नव्यानंच आल्या होत्या. सभासदांत बाई हवी असा नियम होता आणि निवडून तर एकही आली नव्हती. सभापतींनी हमीदाबींचं नाव सुचवलं. "गावोगाव ओळख आहे तिची. अंगठा उठवेल, चहा पिऊन घरी जाईल," असं ते गटविकास अधिकाऱ्यांना, म्हणजे आमच्या बीडीओसाहेबांना, माझ्यासमोरच म्हणाले.

पहिल्याच सभेत मी आरोग्याचा अहवाल वाचत होतो. बोरगाव म्हणू आपण त्या गावाला. बोरगावचं प्रसूतिगृह बांधून पूर्ण, नर्स हजर, काम समाधानकारक. भिंतीकडेच्या खुर्चीवरून हमीदाबींनी विचारलं, "पाह्यलं कोनं?"

बीडीओसाहेब चष्मा पुसत म्हणाले, "बाई, रिपोर्ट आलेला आहे."

"रिपोर्ट आला म्हन्ता सायेब. रिपोर्टाले डोये असते का? मी मागच्या हप्त्यात गेलती तिथं. खोलीत सरपंचाचा कापूस भरला हाये. नर्सबाई तं गावातल्या कोनी पाह्यलीच नाई. अन् तिथल्या गंगीचे हात पाह्यले मी. आठवा महिना, अन् अशे सुजले का बांगडी चढत नाई. तिनं जायचं कुठं?"

सभापतींनी "बघू, बघू" म्हणत पुढचा विषय घ्यायला सांगितलं. सभा संपल्यावर साहेबांनी मला आत बोलावलं. "ते प्रोसिडिंगमध्ये घेऊ नका. ते कामकाज नव्हे, गप्पा आहेत." माझी नोकरी कच्ची होती, लग्न नुकतंच झालं होतं. मी ते लिहिलं नाही.

महिन्यानं दुसरी सभा भरली. रीतीप्रमाणे मी मागच्या सभेचं कामकाज वाचून दाखवलं. हमीदाबी डोळे मिटून ऐकत होत्या. माझं वाचून झालं, तसे त्यांनी डोळे उघडले.

"बाबू, माह्यं बोलनं कुठं गेलं?"

मी साहेबांकडे पाहिलं. साहेब खिडकीकडे पाहत होते.

"मले वाचता येत नाई," त्या म्हणाल्या, "म्हनून मी सारं कानानंच धरून ठेवतो. बोरगावचं बोलली होती मी. तू लिवलं नाई." आवाज चढलेला नव्हता. "आता दुसरं लिव. गंगीले झटके आले. तिले बैलबंडीत टाकून इकडं आनत होते. रस्त्यातच बायतीन झाली. पोरगं गेलं. गंगी वाचली, ते तिचं नशीब."

मी टाक उचलला आणि ते लिहून घेतलं. मागचं नोंदलं असतं तर ते मूल वाचलंच असतं असं नाही. पण कुणीतरी त्या कापसाच्या खोलीचं कुलूप उघडायला गेलं असतं, एवढं मला कळत होतं आणि अजूनही कळतं.

"माह्यं एकच म्हननं हाये," त्या सभापतींना म्हणाल्या. "फुडची सभा बोरगावात घ्या. त्याच खोलीत."

सभापती धोरणी माणूस. नाही म्हटलं तर बभ्रा होईल, हे त्यांनी ओळखलं. सभा बोरगावला ठरली, आणि अर्थातच सरपंचाला आधी निरोप गेला.

आम्ही पोहोचलो तेव्हा खोलीला ताजा चुना दिलेला होता. कापूस नव्हता. टेबलावर स्वच्छ चादर, आणि खुर्चीत पांढरंशुभ्र लुगडं नेसलेली एक तरुण नर्सबाई. सभापती खुशीत हमीदाबींना म्हणाले, "घ्या चाची, पाहून घ्या!"

चाचींनी पाहिलं. टेबलाकडे नव्हे, त्या सरळ मागच्या खोलीत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या.

"बाई, तू पानी कुठून पेतेस? आत मडकं नाई. चूल नाई. खाट नाई."

नर्सबाईंनी मान खाली घातली. मग एकदम रडायलाच लागल्या. "आजच आणलं मला. ऑर्डर इथली आहे, पण काम दुसरीकडं घेतात. इथं राहायला जागाच नाही असं सांगितलं होतं."

हमीदाबींनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "रडू नको. तुह्या डोक्यावर नाई टाकत मी हे." मग त्या साहेबांकडे वळल्या. "सायेब, बाई हजर हाये, असा कागद दर महिन्याले येत होता. त्याच्याखाली सही कोनाची?"

दारात गाव गोळा झालं होतं. बायांमध्ये गंगी होती, भिंतीला टेकून उभी. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं की नाही, मला ठाऊक नाही. पण त्यांनी टाळाटाळ केली नाही, हे नोंदवलं पाहिजे.

"माझी," ते म्हणाले.

"न पाह्यता केली?"

"न पाहता केली."

सभापतींनी घसा खाकरून चौकशी समितीचं काहीतरी काढलं. हमीदाबींनी त्यांना हातानंच थांबवलं. "चौकशी राहू द्या भाऊ. माहा ठराव घ्या. बाबू, लिव. कोनताबी रिपोर्ट आला, का त्याच्याखाली नाव पाह्यजे. कोनता सभासद गेला, कोनत्या दिवशी गेला, अन् काय पाह्यलं. नाव नसन, तं रिपोर्ट मंजूर नाई."

सभापतींनी दारातल्या गर्दीकडे पाहिलं आणि हात वर केला. मग सगळेच हात वर गेले. मी तिथंच, उभ्या उभ्या, शब्द न् शब्द लिहिला आणि मोठ्यानं वाचून दाखवला. या वेळी मी साहेबांकडे पाहिलं नाही.

नर्सबाई बोरगावातच राहिल्या. एका म्हातारीनं त्यांना घरात जागा दिली. कापूस परत त्या खोलीत आला नाही. सरपंच हमीदाबींशी पुन्हा बोलला नाही, त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. सभासद मात्र कुरकुरत का होईना, सायकली काढून गावं फिरायला लागले. जो कधी आपल्या गावाबाहेर गेला नव्हता, तोही शाळेची कौलं मोजून यायचा आणि सभेत ऐटीत सांगायचा. वर्षभरात माझी बदली मुकुटबनकडे झाली. कारण कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. चाची निरोप द्यायला स्टँडवर आल्या होत्या. म्हणाल्या, "कायले तोंड पाडतं? तिकडंबी शाळा हायेत, दवाखाने हायेत. जा, काम कर."

पुढच्या खेपेला त्यांना कुणी समितीवर घेतलं नाही. त्यांचं फिरणं सुरूच होतं. साठीचं दशक सरता सरता एका दुपारी त्या गेल्याची तार आली. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं मी पोहोचलो, तर अंगण खेड्यापाड्यांतल्या बायांनी भरलेलं. त्यांत बोरगावच्या नर्सबाई दिसल्या. एखाद-दुसरा केस पिकला होता. त्यांनी आत जाऊन दर्शन घेतलं, डोळे पुसले आणि बोरगावची गाडी चुकू नये म्हणून मला किती वाजले ते विचारलं.

"तासाभरात माती आहे," मी म्हटलं. "तेवढं थांबा की."

"नाही हो थांबता येणार. एकीला पहाटे कळा सुरू झाल्यात. पहिलटकरीण आहे, वेळ लागेल, म्हणून तेवढ्यात येऊन गेले."

आणि पदर खोचून त्या जवळजवळ पळतच स्टँडकडे निघाल्या.