डब्यात राहिलेली चिठ्ठी

फोन रूथवहिनींचा होता. "सुभाषभाऊ, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मी शेवगावच्या बाजारात वांगी निवडत उभा होतो. "कुठं गेला?" असं मी विचारलं... इतका मूर्ख प्रश्न मी आयुष्यात दुसरा विचारला नसेल. शमुवेल साळवे सकाळी शाळेत जायला निघाला, बूट घालायला पायरीवर बसला आणि तिथंच कलंडला. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. हातातली पिशवी भाजीवाल्याकडेच विसरून मी नेवाशाच्या गाडीत बसलो.

नगरच्या पॉलिटेक्निकमध्ये आम्ही एका बाकावर होतो. पुढं तो नेवासा तालुक्यातल्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायला लागला आणि मी घरी बसून पुण्याच्या कंपन्यांची कामं करायला लागलो. त्याच्या शाळेतली मशीनं म्हणजे कुठल्या कुठल्या ऑफिसांनी नकोशी होऊन दिलेली. त्यानं त्या सगळ्यांवर लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम चढवली होती, पण ब्राउझर उघडला की ती बिचारी धापा टाकायची. "आपनच एक हलका ब्राउझर करू की," तो एकदा म्हणाला, जणू घरच्या घरी पापड करायचे होते. पानं उघडणारं इंजिन तयार मिळतं, त्याच्याभोवतीचं अंग तेवढं आपण करायचं. शाळेची मशीनं हे त्याचं एक कारण. दुसरं कारण त्याच्या घरात होतं. रूथवहिनींची दृष्टी लहानपणीच गेली. कॉम्प्युटर त्यांना पडद्यावरचं वाचून दाखवतो, त्या आवाजाच्या भरवशावर त्या बोटं चालवतात. शेजारी कुणाला बसवून न घेता त्यांना सगळं वाचता यावं, अशी शमुवेलची फार इच्छा होती. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, हे आधीच सांगून ठेवतो. नंतर मला पळवाट नको.

भांडण झालं ते टूलकिटवरून. टूलकिट म्हणजे खिडक्या, बटणं, मेनू यांचा तयार संच. तो एकदा निवडला की पुढचं सगळं घर त्याच्यावरच उभं राहतं. आमच्यापुढं दोन होते. जुना संच दिसायला अगदी सरकारी फॉर्मसारखा, पण त्यातलं प्रत्येक बटण वाचणाऱ्या आवाजाला आपलं नाव सांगायचं. नवा देखणा होता. खिडक्या अलगद सरकायच्या, रंग एकमेकांत विरघळायचे. पण त्यातली बटणं म्हणजे नुसती रंगवलेली चित्रं, त्यांना नावच नव्हतं. मला नवाच हवा होता. पुण्यात लिनक्सवाल्यांचा मेळावा व्हायचा होता, तिथं पडद्यावर आपलं काम झळकावं आणि चार लोकांनी "हा कुणी केला?" म्हणून विचारावं, याची मला हाव सुटली होती. शमुवेलला मात्र मी सांगायचो की नावं काय, मागाहून घालता येतील. "मागाहून कोन घालतं रे, सुभ्या?" तो म्हणायचा. पंधरा दिवस हेच चाललं होतं.

शेवटी तोच म्हणाला, "चिठ्ठ्या टाकू." त्यांच्या चर्चच्या कमिटीत ही रीत होती. एकमत होईना की प्रार्थना करायची, चिठ्ठी काढायची आणि जे निघेल त्यावर पुन्हा कुरकुर करायची नाही. माझं अक्षर बरं म्हणून लिहायचं काम माझ्याकडं आलं. एकीवर 'नवा' लिहायचं, दुसरीवर 'जुना'. त्यांच्याच घरी मी पाटावर बसलो होतो, शमुवेल चहा ठेवायला आत गेला होता, रूथवहिनी समोर बसल्या होत्या, आणि त्यांना दिसत नव्हतं. मी दोन्ही चिठ्ठ्यांवर 'नवा' लिहिलं. घड्या घातल्या आणि बडीशेपेच्या रिकाम्या स्टीलच्या डब्यात टाकल्या.

शमुवेलनं डोळे मिटून प्रार्थना केली. मीही मिटले, आणि तसा मिटून बसलेला मी आजही मला बघवत नाही. "रूथ, तू काढ," तो म्हणाला. त्यांनी डब्यात बोटं फिरवली, एक चिठ्ठी उचलली, सोडली, मग दुसरी उचलली. शमुवेलनं ती उघडली. "नवा," तो म्हणाला. "बरं. ठरलं मग." डब्यात उरलेली चिठ्ठी चटकन खिशात घालायची असं मी ठरवलं होतं, पण तेवढ्यात चहा उतू गेला, धावपळ झाली आणि ती डब्यातच राहिली. पुढच्या खेपेला मी हळूच झाकण उघडलं, तर आत बडीशेप भरलेली होती. टाकली असेल, म्हणून मी निश्चिंत झालो.

त्या खेपेला शमुवेल मला एवढंच म्हणाला, "सुभ्या, तुला काई सांगायचं हाय का?" मी म्हणालो, "कशाबद्दल?" "न्हाई, सहज," तो म्हणाला आणि कामाला लागला. बटणांची नावं त्यानं स्वतःकडं घेतली. पुण्यात ब्राउझरला टाळ्या पडल्या, त्या मी घेतल्या. इकडं तो शाळा सुटल्यावर एकेका बटणाला, एकेका मेनूला नाव चिकटवत बसायचा. टूलकिटची नवी आवृत्ती आली की निम्मी नावं गळून पडायची, मग पुन्हा पहिल्यापासून. आवाज नुसता "बटण... बटण... बटण..." म्हणत राहायचा. रूथवहिनी हसून म्हणायच्या, "एवढी बटनं हायेत तर सदऱ्याला तरी लावा, भाऊ." मीही हसायचो. जुन्या संचात हे सगळं आयतं मिळालं असतं. दोन वर्षं तो हे करत होता आणि एकदाही कुरकुरला नाही. पण नंतर आमचे इतके वाद झाले, कधी रंगावरून, कधी नावावरून... 'चिठ्ठ्या टाकू' असं तो पुन्हा कधीच म्हणाला नाही. हे माझ्या आत्ता लक्षात येतंय.

गेल्या आठवड्यात, शमुवेलच्या माघारी, मी वहिनींकडं गेलो होतो. चहा झाल्यावर त्यांनी कपाटातून एक छोटी घडी काढून माझ्या तळहातावर ठेवली. "ती दुसरी चिठ्ठी," त्या म्हणाल्या. "बडीशेप भरताना मला घावली हुती. ह्यांना इचारलं, जुना लिवलंय ना? ह्यांनी लई येळ कागद धरला, मग म्हनले, व्हय, जुना." मग त्यांनी माझ्या तळहातावरची घडी बोटांनी चाचपली. "मी आधी हीच उचलली हुती, भाऊ. का सोडली काय म्हाईत... माझाच हात चुकला. ही काढली असती तर ह्यांना दोन वर्सं तेवढं खपावं लागलं नसतं. डॉक्टर म्हनतात त्याचा काई संबंध न्हाई. पर मला वाटतंच की." मी घडी उलगडली. माझंच अक्षर, माझाच 'नवा'. "दिसतंय का अजून लिवल्यालं?" त्यांनी विचारलं. "दिसतंय," मी म्हणालो. तिथं, त्यांच्या समोर, त्याच पाटावर बसून मी एवढंच म्हणालो आणि उठलो.

शमुवेलनं मला वाचवण्यासाठी खोटं सांगितलं, बहुधा आयुष्यातलं एकुलतं एक. त्याची किंमत वहिनी मोजत राहिल्या, आपलाच हात चुकला असं समजून. त्याला ते ठाऊक असेल का? असेल तर मी कधीतरी स्वतःहून बोलेन, याची तो दोन वर्षं वाट बघत असेल का? असेलच. मी बोललो नाही.

ती चिठ्ठी माझ्या टेबलावर आहे. हे ज्यात छापून येतंय ती वर्तमानपत्राची पुरवणी वहिनी दर रविवारी इंटरनेटवर उघडतात, आमच्याच ब्राउझरमध्ये. 'पुढचं पान', 'मोठं करा', 'वाचा' ही नावं शमुवेलनं एकेक करून दिलेली आहेत. त्यातलं 'वाचा' त्या आज दाबतील आणि तो सपाट आवाज त्यांना हे सगळं वाचून दाखवेल. तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून त्या आवाजाकडून वदवून घेतो आहे. वहिनी, दोन्ही चिठ्ठ्यांवर एकच लिहिलं होतं. ते मी लिहिलं होतं. तुमचा हात चुकला नव्हता.