वकीलसाहेबांचं ‘प्लीज’

कोर्टाच्या बाररूममध्ये वकीलसाहेब एआयला सांगून तारखांचं सॉफ्टवेअर स्वतःच बनवत बसले होते. नऊ वर्षं त्यांचं सॉफ्टवेअर मी करून देत होतो. यंदाच्या कराराचं बोलायला मी भांडायच्या तयारीनेच आलो होतो.

“बसा हो. आता तुमची गरज पडेलसं वाटत नाही,” ते मान वर न करता म्हणाले.

पडद्यावर त्यांनी लिहिलं होतं, ‘पुढची तारीख रविवारी येतेय. प्लीज परत बघतोस का?’

हीच चूक माझ्याकडून झाली, तेव्हा त्यांनी चारचौघांत माझी अक्कल काढली होती. मीही गप्प बसलो नव्हतो. माणूस उलट बोलेल, या धास्तीनेच आपण आधी आवाज चढवत असू.

दुरुस्ती झाली. साहेबांनी ‘थँक्यू’ लिहिलं. मी भांडण तसंच घेऊन जिना उतरलो.